मोटारींतील गारवा येतो कोठून ?

गेल्या पालकदिनाची गोष्ट. शाळेच्या पटांगणांत पालकांच्या मोटारी ओळीनें उभ्या होत्या. इतक्यांत आठवीच्या वर्गांतील एक मुलगा धांवत माझ्याकडे आला व म्हणाला, "सर, बाबांच्या गाडीखालीं कांहीं तरी सांचलें आहे. पेट्रोल तर गळत नसेल ना?" आम्ही दोघे जाऊन पाहूं लागलों. मीं बोटानें थेंब टिपला. त्यास ना वास होता, ना रंग, ना तेलकटपणा. तें निव्वळ पाणी होतें. "मग तें इंजिनांतून आलें काय?" असा त्याचा पुढील प्रश्न. तें पाणी इंजिनांतून नव्हे, तर मोटारींत बसलेल्या माणसांच्या भोंवतालच्या हवेंतून आलें आहे, असें मीं सांगतांच तो माझ्याकडे अविश्वासानें पाहूं लागला. त्याचें समाधान उभ्या उभ्या करतां येण्याजोगें नव्हतें, म्हणून तें येथें सविस्तर करीत आहें.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. वातानुकूलन यंत्र थंडी तयार करतें, असें आपण सहज बोलून जातों. परंतु थंडी ही तयार करण्याची वस्तु नव्हे. उष्णता काढून घेतली म्हणजे जी स्थिति होते, तिला आपण थंडी म्हणतों. मोटारीच्या आंतील उष्णता उचलून बाहेर टाकावयाची, एवढेंच या यंत्राचें काम. पण खरी अडचण येथेंच आहे. उष्णता आपण होऊन उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे जाते. पाणी जसें उंचावरून सखल जागीं वाहतें तसेंच हें. बाहेर ४२ अंश सेंटिग्रेड ऊन असतां आंत २५ अंश राखावयाचे असतील, तर उष्णता उलट, म्हणजे चढाच्या दिशेनें न्यावी लागते. विहिरीचें पाणी आपण होऊन थारोळ्यांत येत नाहीं. त्यास मोट लागते आणि मोट ओढणारे बैल लागतात. मोटारीच्या यंत्रांतही अशी एक मोट आहे आणि बैलही आहेत.

ती मोट ओळखण्यापूर्वीं एक लहानसा प्रयोग करून पाहा. हातावर स्पिरिटचे दोन थेंब टाका व फुंकर घाला. स्पिरिट उडून जातें आणि हात गार पडतो. द्रवाची वाफ होण्यास उष्णता लागते. ती स्पिरिटनें तुमच्या हातांतून घेतली. उन्हाळ्यांत माठांतील पाणी गार होतें तें याच कारणानें. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होतांना सुमारें ५४० कॅलरी उष्णता खर्च होते आणि तरीही तापमान १०० अंशांच्या वर जात नाहीं. या उष्णतेस शास्त्रांत अप्रकट उष्मा म्हणतात. वाफेचें पुन्हां पाणी झालें कीं ती सर्व उष्णता परत बाहेर पडते. म्हणूनच उकळत्या पाण्यापेक्षां वाफेनें भाजणें अधिक वाईट.

दुसरी गोष्ट दाबाची. द्रव किती तापमानावर उकळेल, हें त्यावरील दाबावर अवलंबून असतें. प्रेशर कुकरमध्यें दाब वाढतो, म्हणून पाणी सुमारें १२० अंशांवर उकळतें व डाळ लवकर शिजते. उलट महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं हवेचा दाब कमी असल्यानें तें १०० अंशांच्या चार-पांच अंश आधींच उकळूं लागतें. दाब वाढवावा तर उत्कलनबिंदु वर जातो, कमी करावा तर खालीं येतो. ही एक किल्ली हातीं असली कीं पुढील सर्व कुलपें उघडतात.

मोटारींतील मोट म्हणजे बंद नळ्यांतून फिरणारा एक पदार्थ. त्याला बोलतांना आपण नुसतें 'गॅस' म्हणतों. गेल्या कित्येक वर्षांच्या मोटारींत बहुधा 'आर-१३४ ए' नांवाचा गॅस असतो. वातावरणाच्या नेहमींच्या दाबाखालीं तो उणे २६ अंशांवरच उकळतो. दाब सुमारें तिप्पट केला तर तो ० अंशांवर उकळतो. आणि सुमारें सतरा पट केला, तर ६० अंशांइतक्या उष्ण जागींही त्याची वाफ थिजून द्रव होऊं शकते. हे आंकडे ध्यानांत ठेवून आतां त्याच्या फेऱ्याबरोबर चला.

पहिला मुक्काम इव्हॅपोरेटर. समोरच्या डॅशबोर्डच्या आंत ही पातळ पत्र्यांची व नळ्यांची जाळी बसविलेली असते. येथें दाब कमी असल्यानें गॅसचा द्रव शून्याच्या किंचित् वरच्या तापमानालाच उकळतो. पंखा मोटारींतील उष्ण हवा या जाळीवरून ढकलतो. द्रव त्या हवेंतील उष्णता शोषून वाफ होतो आणि गार झालेली हवा आपल्या तोंडावर येते. मोट विहिरींत बुडून भरली ती येथें.

दुसरा मुक्काम कॉम्प्रेसर. हेच आपले बैल. इंजिनावरील पट्ट्यानें फिरणारा हा पंप ती वाफ ओढून घेतो व जोरानें दाबतो. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक कसें तापतें, हें तुम्हांस ठाऊक आहे. तशीच ही वाफही दाबली जातांना तापते व सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत पोहोंचते. आतां ती बाहेरच्या उन्हाहूनही उष्ण झाली. चढ संपला, येथून पुढें उतार.

तिसरा मुक्काम कंडेन्सर. हें आपलें थारोळें. मोटारीच्या अगदीं पुढें, रेडिएटरच्या समोर, ही दुसरी जाळी असते. बाहेरची हवा ४२ अंशांची असली तरी वाफेच्या मानानें ती थंडच. म्हणून वाफ आपली उष्णता तिला देऊन टाकते व पुन्हां द्रव होते. आंतून आणलेली उष्णता येथें रिकामी झाली.

चौथा मुक्काम एक अरुंद छिद्राची झडप. तिला एक्स्पान्शन व्हॉल्व्ह म्हणतात. दाबाखालील द्रव त्या छिद्रांतून पलीकडे येतांच दाब एकदम उतरतो, थोडा द्रव लगेच उकळतो आणि बाकीचा त्यामुळें थंडगार होतो. तो पुन्हां इव्हॅपोरेटरमध्यें शिरतो व फेरा पुरा होतो. इंजिनाच्या मोटारींत बैलांना चारा पेट्रोल किंवा डिझेलचा. विजेच्या मोटारींत कॉम्प्रेसरला स्वतंत्र विद्युत मोटर असते आणि चारा बॅटरीचा. दोन्ही ठिकाणीं गारव्याचें मोल द्यावेंच लागतें.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. गार पाण्याच्या पेल्याबाहेर थेंब जमतात. तसेच हवेंतील बाष्पाचे थेंब थंड इव्हॅपोरेटरवर जमतात व एका नळींतून मोटारीखालीं ठिबकतात. म्हणून दमट मुंबईंत हें पाणी अधिक पडतें, कोरड्या सोलापुरांत कमी. तें दिसलें तर घाबरूं नये. यंत्र नीट चालल्याची ती खूण आहे.

या विद्येचा इतिहासही बाष्पापासूनच सुरू होतो. १९०२ साली विलिस कॅरियर यांनीं ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठीं अशी योजना आंखली. दमट हवेनें कागद फुगत असे व रंग एकावर एक नीट बसत नसत, ही तेथील अडचण होती. मोटारींत हें यंत्र कारखान्यांतूनच बसवून देण्याचा मान पॅकार्ड कंपनीकडे जातो; १९३९ साली तिनें तें जाहीर केलें. त्यांतील बरेंचसें यंत्र मागच्या बाजूस असे, आणि तें पुरतें बंद करावयाचें तर मोटार थांबवून कॉम्प्रेसरचा पट्टा काढावा लागे.

आतां मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. दोन वर्षांपूर्वीं मे महिन्यांत माझ्या जुन्या मोटारींतील गारवा गेला. एका कारागिरानें "गॅस संपला" असें सांगून नवा भरून दिला. महिन्याभरांत पुन्हां तेंच. मीं पुन्हां भरून घेतला. तिसऱ्या वेळीं दुसऱ्या एका कारागिरानें विचारलें, "गुरुजी, नळ्या बंद आहेत, मग गॅस संपतो कसा?" शास्त्र शिकविणाऱ्या मला या साध्या प्रश्नानें लाज वाटली. गॅस पेट्रोलसारखा जळत नाहीं. तो कमी झाला म्हणजे कोठें तरी गळला. त्यानें रंगद्रव्य घालून कंडेन्सरवरचें सुईच्या टोकाएवढें छिद्र शोधून दिलें.

ही लाज पैशापुरती नव्हती. आर-१३४ ए वातावरणांत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कार्बन डायऑक्साइडच्या चौदाशेंहून अधिक पट उष्णता अडवितो. मोटारींत सुमारें अर्धा किलो गॅस असतो. म्हणजे एका वेळची गळती सातशें किलो कार्बन डायऑक्साइडएवढी. एक लिटर पेट्रोल जळल्यानें सुमारें २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेव्हां ही गळती सुमारें ३०० लिटर पेट्रोल जाळल्याबरोबर झाली, आणि मीं तें दोनदां केलें! याआधींचा आर-१२ हा गॅस तर ओझोनच्या थराचा वैरी होता. मोलिना व रोलंड यांनीं १९७४ साली असल्या गॅसांचा हा धोका दाखविला, १९८७ साली मॉन्ट्रियल येथें राष्ट्रांनीं करार केला, आणि तो गॅस हळूहळू मागें पडला. पुढें २०१६ साली किगाली येथें आर-१३४ ए सारखे गॅसही कमी करण्याचें ठरलें. मनुष्यानें आपली चूक ओळखून सुधारल्याचें हें उदाहरण आहे.

पालकांस दोन शब्द. उन्हांत उभी असलेली बंद मोटार आंतून भट्टी होते. कांचेंतून ऊन आंत येतें, पण तापलेली हवा बाहेर जाऊं शकत नाहीं. बाहेर हवा सौम्य असली तरी तासाभरांत आंतील तापमान वीसएक अंशांनीं वाढूं शकतें आणि त्यांतील बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासांतच होते. म्हणून "पांच मिनिटांत येतों" असें म्हणून लहान मूल मोटारींत ठेवून कधींही जाऊं नये. या पांच मिनिटांनीं मुलांचे जीव गेले आहेत. यंत्र चालूं आहे, हा भरंवसाही पुरेसा नाहीं. इंजिन बंद पडलें कीं बैल थांबले. तसेंच दार लावलेल्या गॅरेजमध्यें इंजिन व गारवा चालूं ठेवून झोपूं नये, कारण इंजिनांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाहीं व झोपेंतच प्राण घेतो. उन्हांतील मोटारींत बसतांना आधीं कांचा उघडून तापलेली हवा जाऊं द्यावी, मग यंत्र सुरू करावें.

शेवटीं, विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसाठीं दोन प्रश्न. पहिला : स्वयंपाकघराचीं दारें-खिडक्या लावून फ्रिजचें दार दिवसभर उघडें ठेवलें, तर खोली गार होईल कीं गरम? दुसरा : कंडेन्सरच्या जाळींत धूळ व पालापाचोळा अडकला, तर आंतील गारवा कां कमी व्हावा? मोट, बैल आणि थारोळें डोळ्यांपुढें ठेवा. उत्तरें आपोआप सांपडतील.