औषधांचे कारखाने आणि पाण्याचा फेरवापर

कळवण तालुक्यात पाण्याचा फेरवापर ही काही नवी कल्पना नव्हे. नदीवर बंधारा घालून पाटाने पाणी फडात न्यावयाचे, पिकांना पुरून उरलेले सांडमावाटे पुन्हा नदीत सोडावयाचे आणि तेच खालच्या बंधाऱ्याने अडवावयाचे, ही फड पद्धती कळवण-बागलाणात व पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके चालत आलेली आहे. वरच्यांनी पाणी नासविले तर खालच्या फडाचे नुकसान, हे तेथील पाटकऱ्यास शिकवावे लागत नाही. औषधनिर्मितीतील पाण्याचा प्रश्न याच दृष्टीने पाहता येतो. मात्र येथे पाण्यातून वाहून जाणारी वस्तू डोळ्यांना दिसत नाही.

औषधात मिसळावयाचे पाणी अत्यंत शुद्ध लागते. ते तयार करताना पडद्यातून पाणी दाबाने गाळले जाते व क्षारयुक्त असा बराच भाग बाजूला पडतो. हे पाणी खारट असले तरी त्याला औषधाचा स्पर्श झालेला नसतो. ते शौचालयांसाठी व फरशा धुण्यासाठी सहज वापरता येते. बाष्पकाच्या वाफेचे थंड होऊन झालेले पाणी परत बाष्पकात घेतल्यास पाण्याबरोबर इंधनही वाचते. पात्रे धुतल्यानंतरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. त्यात औषधाचे अंश व द्रावके असतात. म्हणून सर्व सांडपाणी एकाच गटारात सोडणे ही पहिली चूक होय. एकदा मिसळलेले पाणी वेगळे करणे फार खर्चाचे ठरते.

प्रतिजैविकांच्या बाबतीत धोका अधिक आहे. हैदराबादजवळील पटनचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी घेणाऱ्या सामाईक शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढे प्रमाण नसते. अशा पाण्यात जे जंतू तग धरतात त्यांच्यावर पुढे तेच औषध चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रतिजैविकांच्या कारखान्यांतील सांडपाण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या त्या २०२४ मध्ये, म्हणजे बऱ्याच उशिरा.

सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत अनेक कारखान्यांनी स्वीकारली आहे. सौम्य सांडपाणी जैविक प्रक्रियेनंतर गाळून शीतकरण मनोऱ्यास देतात. तीव्र सांडपाणी आटवून त्याची वाफ पाणी म्हणून परत घेतात. उरतो तो क्षारांचा गाळ. तो सुरक्षित भूभरणातच गेला पाहिजे. उघड्यावर टाकलेला गाळ पहिल्याच पावसात ओढ्याला मिळतो आणि सारा खटाटोप वाया जातो. आटविण्यास इंधनही भरपूर लागते. त्यामुळे मुळातच कमी पाणी वापरणे कारखान्याच्याही हिताचे असते.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा १९६९ मध्ये, केंद्रीय कायद्याच्या पाच वर्षे आधी केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले. मंडळाच्या संमतिपत्रात कारखान्याच्या सांडपाण्याचे प्रमाण व विल्हेवाटीची रीत नमूद असते. गिरणेवरील चणकापूर धरणाचे पाणी खाली मालेगावपर्यंत पिण्यासाठी जाते. अशा खोऱ्यात कोणताही रासायनिक उद्योग येऊ घातल्यास पंचायत सदस्यांनी ते संमतिपत्र मागून वाचावे: पाणी किती घेणार, किती परत वापरणार, आणि आटविल्यानंतरचा गाळ कोठे नेणार.