जखमेच्या काठावरून निघालेल्या पेशी

शाळकरी मुलाचा गुडघा फुटतो, आई त्यावर हळद दाबते, दोन दिवसांत खपली धरते आणि आठ-दहा दिवसांनी ती गळून खाली गुलाबी कातडी दिसते. हा प्रकार आपणा सर्वांच्या अंगावर घडलेला आहे. परंतु त्या दिवसांत खपलीखाली नेमके काय चालले होते, असे विचारले तर "जखम सुकली" एवढेच उत्तर मिळते. आमच्या अभ्यासवर्गातील दहावीच्या विद्यार्थ्यांनीही हेच उत्तर दिले. वास्तविक जखम सुकल्यामुळे भरत नाही. उलट सुकणे हा भरण्याच्या वाटेतील अडथळा होय. हे कसे, ते समजण्यासाठी आधी त्वचेची रचना पाहू.

आपल्या त्वचेचे दोन मुख्य थर आहेत. खालचा थर जाड व चिवट असून त्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि केसांची मुळे असतात. वरचा थर बहुतेक ठिकाणी कागदासारखा पातळ, परंतु त्यातही पेशींचे अनेक पदर असतात. सर्वांत तळच्या पदरातील पेशी विभाजन पावतात. त्यांतील काही वर वर सरकतात, केस व नखे ज्या जातीच्या प्रथिनाची बनतात त्या केराटिनने भरून जातात आणि शेवटी मरून झडतात. तळची एक पेशी साधारण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी असते. ती खाली घट्ट रुतलेली असते आणि सदऱ्याला गुंड्या लावाव्यात तशी चारी बाजूंनी शेजारच्या पेशींना जोडलेली असते. या गुंड्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढची सारी हकीकत त्यांच्यावर अवलंबून आहे.

कातडी फाटली की रक्त गोठते, पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू व मेलेला भाग साफ करू लागतात. हे बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते, म्हणून आम्ही त्याचा विस्तार करीत नाही. जखमेच्या काठावरील पेशींची गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. काही तासांपासून एका दिवसाच्या आत या पेशी आपली खालची पकड सैल करतात, चपट्या होतात आणि उघड्या बाजूस पातळ पंजासारखा भाग पुढे टाकतात. पंजा पुढे रोवायचा आणि अंग ओढून घ्यायचे, अशी त्यांची चाल असते. हे ओढण्याचे काम पेशीतील ॲक्टिन व मायोसिन ही प्रथिने करतात. आपल्या स्नायूंतही हीच जोडी काम करते. मात्र खालची पकड सोडताना शेजारणीची पकड त्या पुरती सोडत नाहीत. त्यामुळे एकेक पेशी सुटी न धावता सबंध पदर चादरीसारखा पुढे सरकतो.

ही चादर ओढते कोण? मोर्चात पुढची रांग फलक धरून चालते, तेव्हा बघणाऱ्यास वाटते की तीच सर्वांना नेत आहे. शास्त्रज्ञांनाही पुष्कळ काळ असेच वाटे. २००९ मध्ये बार्सिलोनाचे झेवियर ट्रेपाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळालेल्या पेशी मऊ जेलवर वाढविल्या आणि प्रत्येक ठिकाणी जेल किती ताणला जातो ते मोजले. तेव्हा असे दिसले की, काठापासून कितीतरी रांगा मागे असलेल्या पेशीही आपापला जोर लावीत होत्या आणि तो ताण शेजारून शेजारी पोचत होता. पुढे २०१७ मध्ये उंदरांच्या त्वचेवरील अभ्यासांत आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. अगदी काठावरच्या पेशी चालतात, पण सहसा विभाजन पावत नाहीत. नव्या पेशी निर्माण होतात त्या मागच्या पट्ट्यात. समोरासमोरच्या काठांची भेट झाली की पेशी थांबतात, पुन्हा खाली रुजतात आणि थरावर थर चढू लागतात.

खरचटलेले लवकर भरते आणि खोल भाजलेले महिनोन् महिने रेंगाळते, याचेही कारण येथेच आहे. खरचटल्यावर केसांची मुळे शाबूत राहतात व त्यांतूनही पेशी निघतात. म्हणजे जखमेच्या मध्यातच अनेक लहान काठ तयार असतात. खोल भाजल्यावर ही मुळे जळून जातात. मग सर्व प्रवास बाहेरच्या काठावरूनच करावा लागतो, आणि म्हणून डॉक्टर दुसरीकडची कातडी आणून लावतात.

आता खपलीकडे वळू. चालणाऱ्या पेशींना ओल लागते. वर कोरडी खपली असेल तर त्यांना ओलाव्याच्या शोधात तिच्या खालून वाट कोरीत जावे लागते. इंग्लंडमधील जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांच्या उथळ जखमा पॉलिथिनच्या पातळ पडद्याने झाकून पाहिल्या. उघड्या जखमांपेक्षा झाकलेल्या सुमारे दुप्पट वेगाने नव्या कातडीने व्यापल्या गेल्या. पुढच्याच वर्षी माणसांवरही तसाच अनुभव आला. तरीही "वारा लागू दे" हा सल्ला आपल्या घरोघरी अजून चालतो. तंबाखू, चुना, राख दाबणे तर त्याहून वाईट. राखेतून वा मातीतून धनुर्वाताचे जंतू जाऊ शकतात. साधी जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवावी, स्वच्छ पट्टीने झाकावी, पट्टी चिकटली तर भिजवून सोडवावी. ओरबाडून काढलेल्या पट्टीबरोबर कालची नवी चादरही निघून येते.

मधुमेही माणसाच्या तळपायाची जखम हा याहून गंभीर विषय आहे. तेथे काठावरच्या पेशी वाढतात, पण पुढे चालत नाहीत. म्हणून काठ जाड व कडक होतो. डॉक्टर तो कापू लागले की "चांगली कातडी कापली" म्हणून नातेवाईक घाबरतात आणि रुग्णाला घरी घेऊन येतात. आमच्या परिचयातील एका कामगार बंधूंचे असेच झाले व पुढे पाय गमवावा लागला. तो काठ कापतात तो अडलेली वाट मोकळी व्हावी म्हणूनच.

दुसरी अडचण बधिरतेची. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले, तेव्हा कुष्ठरोग्याचे मांस आपोआप सडते असा सर्वत्र समज होता. ब्रँड यांना आढळले की मांस सडत नव्हते. वेदना कळत नसल्याने रुग्ण त्याच जखमेवर रोज चालत होते. पायाला प्लास्टर घालून जखमेला विसावा दिल्यावर वर्षानुवर्षांच्या जखमा भरू लागल्या. मधुमेहाने बधिर झालेल्या पायालाही आज असे प्लास्टर घालतात. ते ठराविक दिवसांनी उघडून पाहतात, तेव्हा मधल्या लाल भागाभोवती फिकट गुलाबी कातडीची अरुंद कड आत सरकलेली दिसते. ती दिसली की डॉक्टर पुन्हा नवे प्लास्टर घालतात.