गाडीच्या पाठीवर सायकल

लासलगावात कांद्याचे लिलाव असले की रस्ता ट्रॅक्टरांचा असतो. बाजार समिती १९४७ सालची. निफाड, येवला, चांदवड तालुक्यांतून तिच्याकडे ट्रॉल्या निघतात आणि उन्हाळ कांद्याच्या दिवसांत त्यांची रांग पार गावाबाहेर येते. एखाद्या ट्रॉलीला मागे दिवाच नसतो, एखादीचा रिफ्लेक्टर चिखलाखाली गेलेला असतो. त्याच रांगेत मागून एखादी हॅचबॅक येते. डिकीवर दोन सायकली बांधलेल्या, नंबरप्लेट झाकलेली, डावा इंडिकेटर सायकलच्या चाकाआड गेलेला. ट्रॉलीवाल्याच्या नावाने बोटं मोडणारा हा गाडीवाला नेमक्या त्याच गुन्ह्याचा धनी असतो.

सायकल गाडीला बांधून इकडे यावं असा हा परिसर आहे, यात शंका नाही. दक्षिणेला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं नांदूरमध्यमेश्वर. २०२० मध्ये रामसर यादीत जाहीर झालेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं पाणथळ. चापडगावाला गाडी ठेवून कालव्याकडेच्या रस्त्यांवर सकाळभर सायकल फिरवावी, पक्षी बघावेत. उत्तरेला चांदवड आणि सातमाळा. महामार्गावरच्या वडाळीभोईला गाडी लावून धोडंब्याचं जुनं दगडी देऊळ बघत सायकलवर हट्टीपर्यंत गेलं, की समोर धोडपचा किल्ला. पूर्वेला मनमाडजवळ अंकाई-टंकाई आणि हडबीची शेंडी. नाशिकहून लासलगाव साठेक किलोमीटर. एवढं अंतर ट्रॅक्टर-ट्रकांमधून सायकल दामटण्यात सगळ्यांनाच रस नसतो, म्हणून मग कॅरिअर येतो.

आपल्या मोटार वाहन कायद्यात ‘सायकल कॅरिअर’ असं वेगळं प्रकरण नाही. ‘नियमच नाही, म्हणजे सगळं चालतं’ असा अर्थ यातून काढणारे पुष्कळ भेटतात. तो चुकीचा आहे. नंबरप्लेट, दिवे आणि गाडीबाहेर येणारं ओझं या तिन्हींबद्दल कायदा स्पष्ट बोलतो, आणि मागे बांधलेल्या सायकलची गाठ नेमकी याच तिघांशी पडते.

आधी नंबरप्लेट. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे नोंदणी क्रमांक गाडीच्या पुढे आणि मागे दिसलाच पाहिजे. मोटारीसाठी अक्षरांची उंचीही ठरलेली आहे, ६५ मिलिमीटर. नियम १०५ सांगतो की मागच्या प्लेटवर पांढरा दिवा पडला पाहिजे आणि क्रमांक मागून १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. मागचे लाल दिवे १५५ मीटरवरून दिसले पाहिजेत. मला १५ मीटरचा हा नियम आवडतो, कारण तो घराच्या अंगणात तपासता येतो. सायकली बांधून झाल्या की गाडीचे दिवे लावा, मागे साधारण वीस पावलं चालत जा आणि वळून बघा. अंधार पडू लागला असताना बघितलं तर उत्तम. क्रमांक सलग वाचता येतो का? दोन्ही लाल दिवे दिसतात का? कुणाला तरी ब्रेक दाबायला आणि दोन्ही इंडिकेटर लावायला सांगा. चारपैकी एका प्रश्नाचं उत्तर ‘जवळजवळ’ असं आलं, तर बांधणी सोडा आणि पुन्हा करा.

यावर एक उपाय लगेच सुचवला जातो: पुठ्ठ्यावर किंवा पत्र्यावर नंबर रंगवून सायकलला लटकवायचा. ब्रिटनमध्ये कॅरिअरला दिव्यांची पट्टी आणि नंबरची जादा पाटी लावतात. ऑस्ट्रेलियात तर राज्याचं वाहतूक खातंच सायकल रॅकसाठी वेगळी प्लेट देतं. तिथे राहिलेल्या भावाने किंवा मुलीने ही युक्ती सांगितली असेल तर ती त्या देशापुरती खरी आहे. आपल्याकडे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी आहे, होलोग्राम आणि लेझरने कोरलेल्या क्रमांकासह, एकदा बसवली की न निघणाऱ्या कुलुपाची. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती उत्पादकाकडूनच येते, आणि महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली आहे. रंगवलेला पुठ्ठा तिची जागा घेऊ शकत नाही. शिवाय झाकलेली नंबरप्लेट बघितली की पोलिसाच्या मनात ई-चलान चुकवणारा माणूस येतो, किल्ल्यावर निघालेला भटक्या नव्हे. नाकाबंदीवर त्याच्याशी हुज्जत घालण्यात सकाळ जाते.

आता रुंदी. इथे मात्र थोडं गणित करावं लागतं आणि ते फार कमी लोक करतात. मोठ्या चाकांच्या एमटीबी सायकलची लांबी १८० सेंटिमीटरच्या आसपास. वॅगन आरची रुंदी १६२ सेंटिमीटर, अल्टो के-१० ची तर १४९. म्हणजे डिकीवर आडवी बांधलेली सायकल वॅगन आरच्या दोन्ही बाजूंना मिळून वीतभर बाहेर येते आणि अल्टोच्या तर फूटभर. चालकाला आरशात ते टोक धड दिसत नाही; लासलगावच्या पेठेत शेजारून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या गुडघ्याला मात्र ते बरोबर सापडतं. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेलं कलम १९४(१अ) गाडीच्या बाजूने, मागून, पुढून किंवा उंचीत मर्यादेबाहेर येणाऱ्या ओझ्याबद्दल आहे. दंड वीस हजार रुपये, ओझं उतरवण्याचा खर्च वेगळा, आणि ते नीट होईपर्यंत गाडी हलवायची नाही. कलमात ‘मालवाहू’ असा शब्द नाही, ‘मोटार वाहन’ असा आहे. उपाय सोपा आहे: पुढचं चाक काढा. सायकल फूटभर आखूड होते, चाक डिकीत जातं.

निफाड-पिंपळगाव पट्ट्यात ट्रॉल्या बनवणारी फॅब्रिकेशनची दुकानं पावलोपावली आहेत आणि त्यांचे कारागीर हुशार आहेत. अँगल आणून दिलात तर तासाभरात गाडीच्या चेसिसला कॅरिअर वेल्ड करून देतील, तोही विकतच्याच्या निम्म्या पैशात. हे करू नका. कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली आहे. पट्ट्यांनी किंवा क्लॅम्पने बसणारा, घरी आल्यावर उतरवता येणारा कॅरिअर घ्यावा, आणि सायकल नसेल तेव्हा तो खरोखर उतरवावा. रिकाम्या कॅरिअरचे लोखंडी दात पार्किंगमध्ये लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

टपावरचा कॅरिअर नंबरप्लेट आणि दिव्यांचे प्रश्न एका फटक्यात सोडवतो. पण दीड मीटरच्या गाडीवर उभी सायकल म्हणजे अडीच मीटरच्या वर उंची. गावच्या रस्त्यावर वाकलेली बाभळीची फांदी, रेल्वेखालचा ठेंगणा भुयारी मार्ग, मॉलच्या पार्किंगची लटकती पट्टी, हे सगळं चालकाच्या लक्षात येतं ते आवाज झाल्यावर. एकूण उंची मोजून कागदाच्या चिठ्ठीवर लिहा आणि स्टिअरिंगसमोर चिकटवा. टपाची वजनमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते. पुष्कळ मोटारींना ती पन्नास ते पाऊणशे किलोच्या दरम्यान असते आणि रेल व कॅरिअरचं वजन त्यातच धरायचं असतं. पंधरा-सोळा किलोच्या तीन सायकली चढवण्याआधी बेरीज करा.

बांधणीवर मात्र जितका वेळ द्याल तितका थोडाच. डिकीच्या कॅरिअरचे वरचे हुक पत्र्याच्या कडेला अडकले पाहिजेत, प्लास्टिकच्या स्पॉयलरला नाही आणि काचेला तर मुळीच नाही. हुक बसवण्याआधी ती कड ओल्या फडक्याने पुसा. इथली धूळ बारीक असते आणि पॅडखाली राहिली तर पॉलिश पेपरसारखी रंग घासते. पट्टे बकलचे, विणलेले असावेत. हुकवाल्या रबरी दोऱ्या दुय्यम आधाराला ठीक, मुख्य भार त्यांच्यावर टाकू नये. एका गतिरोधकावर त्या ताणतात आणि सायकल वीतभर खाली-वर नाचते. जड सायकल काचेच्या बाजूला, हलकी बाहेर, आणि दोघींची तोंडं विरुद्ध दिशांना. फ्रेम जिथे एकमेकींना लागते तिथे जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा. हँडल आणि पुढचं चाक फ्रेमला बांधा, नाहीतर वाऱ्याने चाक गरागरा फिरतं आणि हँडल काच फोडतं. पट्ट्यांची लोंबती टोकं खोचा. बाटली, पंप, दिवा, सीटखालची पिशवी काढून आत ठेवा. त्यांतली एखादी वस्तू उडाली तर मागच्या मोटारसायकलस्वारासाठी ती दगडच. आणि सायलेन्सर बघा. चाक त्याच्या तोंडाशी आलं तर गरम धुराने टायर जातो, कार्बनची रिम असेल तर तीही.

शेवटी सायकल हाताने धरून जोरात हलवा. सायकलबरोबर अख्खी गाडी हलली पाहिजे. नुसती सायकल हलली तर पट्टे ढिले आहेत. निघाल्यावर आठ-दहा किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणा, कारण पॅड दबतात आणि पट्टे सैलावतात. चांदवडकडून राहूड घाटात शिरण्याआधी, म्हणजे उतार सुरू होण्यापूर्वी, आणखी एकदा. पट्टे उन्हाने कुजतात. कड विस्कटली, रंग उडाला की बदलून टाका. पाचशे रुपयांच्या पट्ट्यावर दीड लाखाची सायकल लटकवणारे लोक आहेत, ते सोडा. मागून येणाऱ्याचा जीवही त्याच पट्ट्यावर असतो.

हिवाळ्यात या भागात पहाटेचं धुकं दाट असतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा राज्यातल्या नीचांकाच्या बातमीत येतो, त्या दिवसांत द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवलेल्या असतात आणि धूर-धुकं एकत्र रस्त्यावर उतरतं. अशा वेळी झाकलेला टेललाइट म्हणजे मागच्याला दिलेलं आमंत्रण. सूर्य वर आल्यावर निघा. शक्य असेल तर रविवार निवडा. लिलाव बंद, रस्ता मोकळा. समृद्धी महामार्गाने येत असाल तर तिथली मोटारीसाठीची १२० ची मर्यादा तुमच्या कॅरिअरसाठी नाही. कॅरिअरच्या पुस्तिकेत लिहिलेला वेग हीच तुमची मर्यादा, आणि साध्या पट्ट्याच्या कॅरिअरला मी ऐंशीच्या वर नेणार नाही.

इतकं करूनही सायकल रस्त्यावर पडलीच, तर ती उचलायला धावू नका. आधी गाडी कडेला, चारही इंडिकेटर चालू, माणसं दुभाजकापासून आणि रस्त्यापासून दूर. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, अन्यथा ११२. कुणाला लागलं असेल तर १०८. जखमीला उपचार मिळवून देणं आणि जवळच्या पोलीस ठाण्याला लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचं कर्तव्य आहे. पळून जाणाऱ्याला इथे कुठलीच सूट नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ ताब्यातल्या वस्तूची नीट व्यवस्था न ठेवून सार्वजनिक रस्त्यावर धोका किंवा अडथळा निर्माण करणाऱ्याला पाच हजारांपर्यंत दंड सांगतं. निष्काळजीपणाने कुणी जखमी झालं तर याच संहितेचं कलम १२५ येतं आणि त्यात तुरुंगवास आहे.

विम्याचं थोडक्यात: तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहेच, पण खासगी मोटारीच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई साडेसात लाखांवर थांबते. नंतर बसवलेला कॅरिअर विमा कंपनीला लेखी कळवा. तुमची सायकल गाडीच्या विम्यात आपोआप येत नाही. महागडी असेल तर तिचा वेगळा विमा काढा, आणि फ्रेमवरच्या क्रमांकाचा फोटो फोनमध्ये ठेवा.

माझं मत विचाराल तर दोन माणसं आणि दोन सायकली असतील तेव्हा कॅरिअरची गरजच नाही. मागची सीट पाडा, दोन्ही सायकलींची पुढची चाकं काढा, जुनी चादर अंथरा आणि दोन्ही सायकली आत आडव्या घालून पट्ट्याने बांधा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर त्या पुढच्या सीटवर येणार नाहीत. नंबर दिसतो, दिवे दिसतात, डिकीला कुलूप लागतं आणि धाब्यावर चहा पिताना मान वळवून सायकली बघत बसावं लागत नाही. माणसं तीन किंवा चार झाली तरच कॅरिअर काढा, आणि काढलाच तर ती मागची वीस पावलं चालल्याशिवाय गाडी सुरू करू नका.