पाया कुणाच्या जागेत?

माझे वडील गवंडी आहेत. पाया खणण्यापूर्वी ते दोरी लावून हद्द पाहतात, कारण पाया वीतभर जरी शेजाऱ्याच्या जागेत गेला, तरी पुढे उभी भिंत पाडावी लागते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे ‘सॉफ्टवेअरचा परवाना’ म्हणजे काय, हे घरी विचारण्याची सोय नव्हती. पण तो विषय समजून घेताना मला वारंवार त्या दोरीची आठवण झाली.

आधी शब्दांचा उलगडा करते. संगणकाच्या भाषेत ‘लायब्ररी’ म्हणजे ग्रंथालय नव्हे. पडद्यावर खिडकी उघडणे, बटण दाखवणे, आलेख काढणे अशा नेहमीच्या कामांसाठी कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार कोड म्हणजे लायब्ररी. घर बांधणारा प्रत्येक जण काही विटा भाजत बसत नाही, तसेच हे. आणि ‘मुक्त’ सॉफ्टवेअर म्हणजे नुसते फुकट नव्हे. ज्याचा सोर्स कोड कुणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो, एवढेच काय, विकताही येतो, ते मुक्त. आता आपला प्रोग्राम असा मुक्त, पण त्याच्या पोटातली लायब्ररी एखाद्या कंपनीच्या मालकीची, असे झाले तर?

नेमके हेच केडीईच्या बाबतीत घडले. १९९६ साली जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या मथायस एट्रिश याने हा प्रकल्प जाहीर केला. लिनक्स वापरणाऱ्या साध्या माणसालाही खिडक्या, मेनू, फाइली यांचा सगळा सरंजाम सोपा व्हावा, हा हेतू. त्यासाठी निवडलेली लायब्ररी म्हणजे नॉर्वेतील ट्रोलटेक कंपनीची ‘क्यूटी’. लिनक्सवर मुक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यांना ती विनामूल्य मिळे, तिचा सोर्स कोडही वाचता येई. मात्र तिच्यात बदल करून ती वाटण्याची मुभा नव्हती.

मिळते आहे ना, मग झाले, असे पुष्कळांना वाटले. मलाही तसेच वाटले असते! पण केडीईचे बरेचसे प्रोग्राम जीपीएल परवान्याखाली होते. त्याची अट अशी की, तयार प्रोग्राम वाटायचा तर त्याला जोडलेला कोडही त्याच अटींवर द्यावा. क्यूटी तशी देण्याचा अधिकार केडीईवाल्यांना नव्हताच. म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार! लेखक स्वतः लिहिलेल्या भागापुरती सवलत देऊ शकतो. पण दुसऱ्याच्या जीपीएल प्रोग्राममधून घेतलेल्या कोडाबद्दल ती कोण देणार? या कारणावरून ऑक्टोबर १९९८ मध्ये डेबियनने केडीई आपल्या संचातून काढून टाकले.

त्याआधीच, १९९७ मध्ये, मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकोतील दोन तरुणांनी संपूर्ण मुक्त पायावर ‘ग्नोम’ हा वेगळा प्रकल्प सुरू केला. क्यूटीची मुक्त प्रतिकृती लिहिण्याचा ‘हार्मनी’ नावाचा उद्योगही झाला.

मला सर्वांत आवडला तो १९९८ चा करार. केडीई आणि ट्रोलटेक यांनी मिळून एक प्रतिष्ठान स्थापले. कंपनीने बारा महिन्यांत क्यूटीची नवी मुक्त आवृत्ती काढली नाही, तर ती अत्यंत मोकळ्या परवान्याखाली जाहीर करण्याचा हक्क या प्रतिष्ठानाला मिळाला. म्हणजे मालकाच्या चांगुलपणावर न विसंबता कागद करून घेतला. पुढे २००० साली क्यूटीची लिनक्ससाठीची आवृत्ती जीपीएलखाली आली आणि भांडण मिटले. २००८ मध्ये नोकियाने ट्रोलटेक विकत घेतली, २०१२ मध्ये क्यूटी डिजिया या कंपनीकडे गेली. मालक बदलले, करार मात्र टिकला. आपला कोड बंद ठेवू इच्छिणाऱ्या कंपन्यांना क्यूटीचा विकतचा परवाना आजही मिळतो. एकच वस्तू दोन परवान्यांखाली देता येते, हे मला या अभ्यासापूर्वी ठाऊक नव्हते.

हा अभ्यास मी हौसेने केलेला नाही. आजीने आणि तिच्या सोबतिणींनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्यांची शब्दसूची करणारा एक छोटा प्रोग्राम मी व शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील मैत्रिणीने तयार केला. तो जीपीएलखाली सर्वांना द्यायचा होता. कुठला शब्द किती वेळा येतो, याचे सुंदर आलेख त्यात निघत. आलेखांची लायब्ररी ‘बिगर-व्यापारी उपयोगासाठी विनामूल्य’ होती. उद्या एखाद्याने आमचा प्रोग्राम सुधारून दहा रुपयांना विकला, तर आमचा परवाना त्याला ‘खुशाल वीक’ म्हणणार आणि लायब्ररीचा परवाना त्याला अडवणार. हे मी सांगितले तेव्हा मैत्रीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आलेखांवर तिने अख्खी दिवाळीची सुटी घालवली होती.

शेवटी आलेख काढून टाकले. सध्या पडद्यावर नुसता तक्ता दिसतो, आणि तो काही देखणा नाही. लायब्ररीच्या मालकांकडे आम्ही लेखी परवानगी मागितली आहे. हा लेख संपादकांकडे देईपर्यंत उत्तर आलेले नाही.