'हार्शली' : एका क्रियाविशेषणाचा अभ्यास

इंग्रजी शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. त्या शब्दाची संगत मात्र वाचनातूनच कळते. आपल्यापैकी बहुतेकांनी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीचे धडे गिरवले आहेत. वहीच्या डाव्या बाजूस इंग्रजी शब्द आणि उजव्या बाजूस मराठी अर्थ, ही आपली शब्दसाधना. तिच्यात 'हार्शली म्हणजे कठोरपणे', 'स्ट्रिक्टली म्हणजे कडकपणे', 'सिव्हिअरली म्हणजे तीव्रतेने' अशी नोंद होते आणि तिन्ही शब्द एकाच माळेचे मणी वाटू लागतात. वास्तविक तसे नाही. या वर्षी मी 'हार्शली' हे एकच क्रियाविशेषण अभ्यासासाठी निवडले. वर्तमानपत्रांत, इतिहासाच्या पुस्तकांत, कादंबऱ्यांत जेथे ते भेटले तेथील वाक्य वहीत उतरवून घेतले. त्यातून जे हाती लागले ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

प्रथम शब्दांचे कूळ पाहू. 'स्ट्रिक्ट' हा लॅटिनमधून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ आवळलेला, ताणून बांधलेला. 'हार्श'चे नाते उत्तर युरोपातील भाषांशी आहे. डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत त्याचा भाऊ शोभणारा 'हार्स्क' हा शब्द आजही खवट या अर्थाने वापरतात. इंग्रजीतही 'हार्श' प्रथम स्पर्शाला खरखरीत, जिभेला तुरट, कानाला कर्कश अशा गोष्टींना लागला. म्हणजे 'स्ट्रिक्ट'मध्ये दोरी आवळणाऱ्याचा हात आहे, तर 'हार्श'मध्ये ज्याच्या अंगाला ती काचते त्याची वेदना आहे. माझ्या मते या शब्दाची किल्ली येथेच आहे.

आता संगत पाहू. माझ्या वहीतील वाक्यांत 'हार्शली' बहुधा पाच क्रियापदांबरोबर आढळते : ट्रीट, जज, क्रिटिसाइज, पनिश आणि स्पीक. वागवणे, पारख करणे, टीका करणे, शिक्षा करणे आणि बोलणे या पाचही क्रिया माणूस माणसाच्या बाबतीत करतो. पाऊस 'हार्शली' पडत नाही, तो 'हेविली' पडतो. घराचे नुकसान 'सिव्हिअरली' होते. नियम 'स्ट्रिक्टली' पाळले जातात. जागेविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 'ही ट्रीटेड देम हार्शली' असे म्हणतात. क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये हा शब्द घुसवत नाहीत. कर्मणी रचनेत मात्र तो क्रियापदाच्या अगोदरही सहज बसतो : 'ही वॉज हार्शली क्रिटिसाइज्ड'.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, 'हार्शली' लिहिणारा केवळ वर्णन करीत नाही, तो निवाडाही देतो. 'सिव्हिअरली पनिश्ड' म्हणजे शिक्षा मोठी होती. 'हार्शली पनिश्ड' म्हणजे शिक्षा वाजवीपेक्षा अधिक होती. पहिल्या शब्दाने शिक्षेचे माप सांगितले; दुसऱ्याने ते माप अन्यायाचे ठरवले.

इतिहासाच्या अभ्यासकांना हा भेद पुण्याच्या प्लेगच्या उदाहरणावरून पटेल. १८९७ साली रँडच्या अधिकाराखाली गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या घेतल्या, रुग्णांना रुग्णालयात व त्यांच्या घरच्यांना विलगीकरणाच्या छावण्यांत हलवले, सामान जाळले. सरकारची बाजू मांडणारा लिहील की, उपाय 'स्ट्रिक्टली' अमलात आणले गेले. ज्यांच्या माजघरात आणि देवघरात सैनिक शिरले, त्यांच्या बाजूने लिहिणारा 'हार्शली' म्हणेल. घटना एक, क्रियापद एक. केवळ क्रियाविशेषण बदलले की वाचक उंबरठ्याच्या या बाजूला की त्या बाजूला उभा राहायचा ते ठरते. म्हणून उत्तरपत्रिकेत 'हार्शली' लिहिणाऱ्याने पुरावाही द्यावा लागतो.

ही केवळ परीक्षेपुरती गोष्ट नाही. गेल्या सुटीत आमच्या गावातील एका वृद्ध गृहस्थांनी माझ्याकडून एक इंग्रजी अर्ज लिहून घेतला. त्यांचा नातू परराज्यातील एका कारखान्यात कामाला आहे. तापामुळे दोन दिवस कामावर जाता आले नाही, म्हणून त्याचा आठ दिवसांचा पगार कापला गेला. आबा म्हणाले, "साहेब लई कडक वागला बघ पोराशी." त्यांच्या 'कडक'साठी 'स्ट्रिक्टली' लिहिले असते तर तक्रारीची प्रशस्ती झाली असती! कारण कडक साहेब हा कर्तव्यदक्ष साहेबही असू शकतो. 'रूडली' लिहिले असते तर प्रश्न केवळ उद्धट बोलण्याचा ठरला असता. आबांना म्हणायचे होते ते 'हार्शली'. मी आधी दोन दिवस आणि आठ दिवस हे आकडे मांडले आणि मग तो शब्द लिहिला. अर्जाचा निकाल अद्याप लागलेला नाही. पण घडले ते त्यात नेमके उतरले, एवढे समाधान आहे.

येथे दोन फसवी भावंडे सांगितली पाहिजेत. 'हार्ड'ला 'ली' जोडून 'हार्डली' होते, पण आज त्याचा अर्थ कठोरपणे असा नसून जेमतेम, क्वचित असा आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मात्र तो कठोरपणे या अर्थाने आलेला आहे, हे जुने वाङ्मय वाचताना विसरू नये. दुसरे भावंड 'रिगरस'. १८९७ सालीच लोकमान्य टिळकांना अठरा महिन्यांची 'रिगरस' कैद झाली, तिला आपण सक्तमजुरी म्हणतो. परंतु 'रिगरसली' हे क्रियाविशेषण आज बहुधा काटेकोरपणे या अर्थाने येते. विशेषणात कष्ट आहेत, तर क्रियाविशेषणात शिस्त आली आहे.

शेवटी भाषांतराविषयी. 'स्पोक हार्शली' दिसले की आपण 'कठोरपणे बोलला' असे लिहून मोकळे होतो. मराठीचा स्वभाव निराळा आहे. ती कठोरपणा बहुधा क्रियापदातच मुरवते : खडसावणे, झापणे, फैलावर घेणे, खरडपट्टी काढणे. 'त्याला खडसावले' म्हटल्यावर 'कठोरपणे' हा शब्द वर कशाला हवा? याउलट मराठीतून इंग्रजीत जाताना ते एक क्रियापद फोडून साधे क्रियापद आणि योग्य क्रियाविशेषण अशी जोडी जुळवावी लागते. मात्र 'खडसावले'मध्ये अन्याय असतोच असे नाही. चुकणाऱ्या मुलाला आईही खडसावते. तेथे 'स्टर्नली' शोभेल, 'हार्शली' नव्हे.

तात्पर्य, हा शब्द लिहिण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. क्रिया माणसाने माणसाच्या बाबतीत केलेली आहे काय? ती वाजवीपेक्षा अधिक होती काय? आणि तसे म्हणण्यास माझ्यापाशी आधार आहे काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर हा शब्द निःशंक लिहावा. एखादे उत्तर नकारार्थी आले, तर इंग्रजीत दुसरे शब्द पुष्कळ आहेत.