‘नळ्या नकोत’ हे कुणी सांगायचं?

प्रश्न : सासूबाईंना लिव्हिंग विल करायचं आहे. ‘शेवटी मला नळ्या लावून ठेवू नका,’ असं त्या सारख्या म्हणतात. पण विषय निघाला की नणंदा ‘आई, अभद्र बोलू नकोस’ म्हणून गप्प करतात आणि हे उठून बाहेर जातात. सासूबाईंचं सगळं मीच करते. असा कागद केला तर घरच्यांचं ओझं कमी होतं की वाढतं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कमी होतं, मात्र कागदाआधी बोलणं व्हायला हवं. मेलबर्नच्या एका रुग्णालयात ऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या ३०९ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या साधारण निम्म्या रुग्णांशी पुढच्या उपचारांबद्दल सविस्तर बोलणं झालं, शक्यतो घरच्यांना सोबत घेऊन. सहा महिन्यांत ५६ जण गेले. या गेलेल्यांत, बोलणं झालेल्यांपैकी ८६ टक्के लोकांची इच्छा माहीत होती आणि पाळली गेली. इतरांत हे प्रमाण ३० टक्के. मागे राहिलेल्या नातलगांची चिंता आणि नैराश्यही पहिल्या गटात कमी होतं.

कारण उघड आहे. आयसीयूच्या दारात ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ असं विचारलं की मुलाला वाटतं, आईचा जीव आता माझ्या जिभेवर आहे. त्यात ‘पैसे वाचवले’ असं भाऊबंद म्हणतील ही धास्ती. आईने आधी सांगून ठेवलं असेल तर त्याला फक्त तिचा निरोप पोचवायचा असतो.

तुमची अडचण वेगळी आहे. सेवा सुनेची, शब्द मात्र लेकींचा! ऐनवेळी विमानातून उतरून ‘सगळं करा’ म्हणणाऱ्या नातलगाला अमेरिकेतले डॉक्टर ‘कॅलिफोर्नियाची लेक’ म्हणतात. (कॅलिफोर्नियातले म्हणे ‘न्यूयॉर्कची’ म्हणतात.) आपल्याकडे, मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अचेतन अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या खटल्यात, २०११ साली, सर्वोच्च न्यायालयाने दयामरणासाठी याचिका करणाऱ्या लेखिकेपेक्षा त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचं म्हणणं मोलाचं मानलं होतं. अरुणा यांची स्वतःची इच्छा लिहिलेली कुठेच नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाच्याच ९ मार्च २०१८च्या निकालाने लिव्हिंग विलला मान्यता मिळाली. २०२३पासून मॅजिस्ट्रेटची सही लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. विश्वासाच्या एकाहून अधिक व्यक्तींची नावं घालता येतात. सासूबाईंना तुमचं आणि एका नणंदेचं, दोघींचं नाव घालायला सुचवा. पुढे वेळ आली की डॉक्टरांची दोन मंडळं रुग्णाची स्थिती तपासतात, मगच उपचार थांबतात. वेदना आणि धाप यांवरची औषधं शेवटपर्यंत चालू राहतात. मत बदललं तर कागद कधीही रद्द करता येतो, हे नणंदांना आवर्जून सांगा.

आणि नोटरीकडे जाण्याआधी सगळ्यांना एकदा जेवायला बोलवा. बोलू द्या मात्र सासूबाईंनाच.