इंजिनाचा घसा केवढा असावा?

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणजे केवळ मालवाहू लॉरी नव्हे. पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअप गाडीसुद्धा तिथे ट्रकच. १९६० आणि १९७० च्या दशकांतले असे जुने ट्रक घ्यायचे, त्यांच्या इंजिनात काही बदल करायचे आणि ते रोजच्या रस्त्यावर चालवायचे, हा तिथल्या अनेकांचा छंद आहे.

समजा, अशाच एका मालकाने आपल्या ट्रकचे इंजिन नव्याने बांधले. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट बदलला, धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या अधिक मोकळ्या केल्या. आता इंजिन जास्त हवा घेणार, म्हणून बाजारात मिळाला तो सर्वांत मोठा कार्ब्युरेटर आणून बसवला. मागे होडीची गाडी जोडून तो चौकात उभा राहिला. दिवा हिरवा झाला, त्याने पेडल दाबले, आणि ट्रक जोमाने निघण्याऐवजी ठसका लागल्यासारखा गुदमरला. चारी बाजूंनी वाहने येत असताना चौकाच्या मधोमध असे अडकणे धोक्याचेच. घसा मोठा केला तर श्वास सुलभ व्हायला हवा. मग चूक कुठे झाली? विद्यार्थी मित्रहो, याचे उत्तर तुमच्या ओळखीच्या पदार्थविज्ञानातच आहे.

कार्ब्युरेटरचे काम

पेट्रोल नीट जळण्यासाठी १ ग्रॅम पेट्रोलला सुमारे १५ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण साधणे हे कार्ब्युरेटरचे काम. त्यात मध्येच अरुंद झालेली एक नळी असते. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी याने अशा नळीतील प्रवाहाविषयी १७९७ मध्ये लिहिले, म्हणून तिला व्हेंच्युरी म्हणतात. अरुंद भागात हवेचा वेग वाढतो आणि बर्नुलीच्या तत्त्वानुसार तेथील दाब कमी होतो. शेजारच्या वाटीतील पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या फरकामुळे पेट्रोल तोटीतून वर चढते आणि हवेत त्याचा फवारा उडतो. म्हणजे कार्ब्युरेटर पेट्रोल ढकलत नाही. वाहती हवाच ते ओढून घेते. ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा.

हवा किती लागते?

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. शेव्हरोलेटचे ‘३५०’ हे आठ सिलिंडरांचे इंजिन १९६७ मध्ये आले आणि पुढे तिच्या असंख्य पिकअप ट्रकांत बसवले गेले. ३५० म्हणजे घनइंच, लिटरमध्ये ५.७. हे इंजिन चार धावांचे असल्यामुळे दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदाच भरतो. मालक मिनिटाला ५,५०० फेऱ्यांपलीकडे इंजिन पळवणार नाही असे धरू. मग एका मिनिटाला लागणारी हवा

५.७ ÷ २ × ५,५०० = १५,६७५ लिटर.

पण सिलिंडर काठोकाठ कधी भरत नाही. झडपा व नळ्या हवेला अडवतात. रस्त्यावरच्या अशा इंजिनात तो साधारण ८५ टक्के भरतो असे मानू. मग हवा उरते सुमारे १३,३०० लिटर. अमेरिकेत कार्ब्युरेटरची क्षमता मिनिटाला किती घनफूट हवा जाते यावर मोजतात. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणून आपली गरज सुमारे ४७० घनफूट झाली. बाजारात ६०० घनफुटांचा मिळतो, तो पुरून उरेल. आपल्या मालकाने आणला होता ८५० घनफुटांचा!

वेगाचा वर्ग

‘जास्त घेतला तर बिघडले काय?’ असे तुम्ही विचाराल. त्यासाठी वेगाने पळणारे इंजिन नव्हे, तर चौकातून निघणारे इंजिन पाहा. मिनिटाला १,५०० फेरे, पेडल पूर्ण दाबलेले, सिलिंडर ८० टक्के भरलेला. हवा लागते सेकंदाला सुमारे ५७ लिटर. ती चार नळ्यांतून सारखी वाटली जाते असे सोपे गृहीत धरू.

६०० घनफुटी कार्ब्युरेटरमध्ये व्हेंच्युरीचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो. चारींचे मिळून क्षेत्रफळ ३२ चौ. सें.मी. भरते आणि हवेचा वेग येतो सेकंदाला सुमारे १७.७ मीटर. ८५० घनफुटी कार्ब्युरेटरमध्ये व्यास ४० मिलिमीटर, क्षेत्रफळ ५० चौ. सें.मी. आणि वेग अवघा ११.३ मीटर.

दाबातील घट ही घनतेची निम्मी पट गुणिले वेगाचा वर्ग इतकी असते. हवेची घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर घेतली, तर लहान कार्ब्युरेटरमध्ये घट येते सुमारे १९० पास्कल आणि मोठ्यात ७७ पास्कल. पहिल्या दाबाने पेट्रोल २६ मिलिमीटर उचलले जाईल, दुसऱ्याने जेमतेम १०-११ मिलिमीटर. तोटीचे तोंड वाटीतील पातळीहून थोडे वर असते. तेवढे चढून, बारीक छिद्रातून वाट काढून, फवारा उडवायला १० मिलिमीटरची ओढ अपुरी पडते. खऱ्या कार्ब्युरेटरमध्ये मोठ्या व्हेंच्युरीच्या आत एक छोटी व्हेंच्युरी बसवून ओढ वाढवलेली असते, पण लहान-मोठ्यातील तफावत राहतेच. व्यास सव्वापट केला की ओढ जवळजवळ अडीच पटींनी कमी होते, कारण ती व्यासाच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते.

एकाएकी पेडल दाबल्यावर हलकी हवा लगेच धावते, जड पेट्रोल मागे राहते. ही उणीव भरण्यासाठी एक छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. पण ती क्षणभरच पुरते. तेवढ्यात मुख्य तोटी सुरू झाली नाही, तर इंजिनाला नुसती हवा मिळते. चौकातला ठसका तो हाच.

दोन आधी, दोन मागून

येथे चौकस विद्यार्थी एक शंका काढील. १९६५ पासून जनरल मोटर्सच्या गाड्यांत येणारा रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर ७५० घनफुटांचा होता. तो या इंजिनावर सुरेख कसा चाले?

मेख अशी, की त्याच्या चार नळ्या एकदम वापरात येत नाहीत. पुढच्या दोन ३५ मिलिमीटरच्या आणि मागच्या दोन ५७ मिलिमीटरच्या. साध्या चालीत केवळ पुढच्या दोन काम करतात. मागच्यांच्या तोंडावर एक हलकी झडप असते. हवेची ओढ पुरेशी वाढली तरच ती उघडते. आपल्या ३२ मिलिमीटरच्या उदाहरणातही चारऐवजी दोनच नळ्या उघडल्या, तर वेग दुप्पट आणि ओढ चौपट होईल. म्हणून जड ट्रकाला मागच्या नळ्या हवेच्या ओढीने उघडणारा कार्ब्युरेटर मानवतो. पेडलबरोबर चारी नळ्या उघडणारा प्रकार हलक्या, शर्यतीच्या गाड्यांना शोभतो.

आकड्यांचा सापळा

खोक्यावरचा आकडा वाचतानाही सावध राहावे. चार नळ्यांच्या कार्ब्युरेटरची क्षमता दीड इंच पाऱ्याच्या दाबफरकाला मोजतात, तर दोन नळ्यांच्याची तीन इंचाला. प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दोन नळ्यांचा ५०० घनफुटी कार्ब्युरेटर चार नळ्यांच्या मापाने ५०० ÷ १.४१, म्हणजे सुमारे ३५० घनफुटांचाच ठरतो.

निवड बरोबर झाली का, हे प्रयोगाने तपासता येते. कार्ब्युरेटरखालच्या नळीला दाबमापक जोडावा आणि मोकळ्या, सुरक्षित जागी पेडल पूर्ण दाबून सर्वाधिक फेऱ्यांपर्यंत जावे. तेव्हा दाबातील घट दीड इंच पाऱ्याहून बरीच जास्त दिसली तर कार्ब्युरेटर लहान पडतो. जवळजवळ शून्य दिसली तर तो गरजेपेक्षा मोठा आहे.

आज नव्या गाड्यांत संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारले जाते. आपल्याकडेही भारत स्टेज ६ चे निकष १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. पण जुन्या स्कूटरच्या दुरुस्तीला बसलेल्या मिस्त्रीजवळ तो अजून पाहायला मिळतो. मिळाला तर त्याचा घसा मुद्दाम पाहा. तो अरुंद ठेवण्यात काटकसर नाही. पेट्रोल ओढण्याची सारी शक्ती त्या अरुंदपणातच आहे. आपल्या मालकाला जास्त हवा हवी होती हे खरे, पण त्या हवेला वेगही हवा, एवढेच तो विसरला.

स्वाध्याय

१. ४.१ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ४,५०० फेरे करते आणि सिलिंडर ८० टक्के भरतात. मिनिटाला किती घनफूट हवा लागेल?

२. त्यासाठी वर सांगितलेला दोन नळ्यांचा ५०० घनफुटी कार्ब्युरेटर पुरेल का?

उत्तरे : १. सुमारे २६०. २. होय, चार नळ्यांच्या मापानेही तो सुमारे ३५० घनफूट हवा देतो.